तंजावर माहीत, कांगडा माहीत, आपली दख्खनी कुणाला विचारू?

हिंगूळ | ठाणे पश्चिम

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला 'दोन दिवसांत तंजावर शिका', 'रविवारी पिछवाई' असल्या जाहिराती येतात, लोक हौसेने जातात, फोटो टाकतात, मला त्याचं वाईट वाटत नाही (थोडं वाटतं, ते पुढे बोलूच). पण परवा त्याच ग्रुपवर कुणीतरी विचारलं की राजस्थानची आहे, पहाडी आहे, ओडिशाची आहे, मग महाराष्ट्राची अशी दरबारी चित्रशैली कुठली, तर सगळ्यांनी एका सुरात वारली सांगितलं. वारली मोठीच आहे पण ती भिंतीवरची, लग्नाच्या चौकाची, तिचं घराणं वेगळं. पोथीत, कागदावर, बारीक कुंचल्याने काढलेलं असं काही आपल्याकडे होतं हे कुणाच्या गावीही नव्हतं.

होतं ना. दख्खनी, म्हणजे दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांत वाढलेली शैली. तिच्यातल्या सगळ्यात जुन्या कामांपैकी एक अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं आहे. 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची सचित्र पोथी, साधारण १५६५ ची, तालिकोटच्या लढाईच्या आसपासची. हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत लिहिलेली. आणि ती लंडनला वगैरे नाही, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे! चित्रं बघाल तर वरचं गोल क्षितिज आणि सोनेरी आकाश थेट इराणी, पण खाली बायका बघा, चोळ्या, लांब वेण्या आणि वेणीच्या टोकाला गोंडा, हा वेश उत्तरेचा. कमरेखालून वळवून घेतलेला शेला मात्र दक्षिणेचा, तसाच लेपाक्षीच्या विजयनगरकालीन मंदिरातल्या चित्रांत दिसतो. म्हणजे एका पानावर इराण, उत्तर हिंदुस्थान आणि विजयनगर तिघंही नांदतायत.

आणि खरी गंमत पुढे आहे. राजाच्या शेजारी राणी बसलेली असायची, खुंजा हुमायून, म्हणजे आपल्या चांदबीबीची आई. बहुतेक चित्रांत तिच्यावर नंतर कुणीतरी रंग फासलाय, राजा व्यवस्थित आणि शेजारी नुसता डाग. नवरा गेल्यावर पोराच्या नावाने तीच कारभार बघायची, मग पोरानेच तिला कैदेत टाकलं, त्या भानगडीत हे झालं असावं असं मानतात. एक चित्र मात्र छान आहे, बाईचा स्पर्श झाल्यावर झाडाला बहर येतो ते, आपल्या संस्कृत कवींचा जुना दोहदाचा संकेत, आणि तो निजामशाहीच्या फारसी पोथीत.

तर ज्याला ज्या शैलीबद्दल माहिती आहे ती टाका, आणि जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं यावरही बोला. माझं मत आधीच सांगते, चित्र काचेत घालून भागत नाही, ते कुणी, कशावर, कशाने, कुठल्या पोथीसाठी काढलं हे सुटलं की मग ती दिवाणखान्यातली शोभेची वस्तू.

—

कंजूस_वाशीकर | वाशी

मस्त धागा, वाचनखूण साठवली. जरा व्यावहारिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. सासरेबुवांनी रिटायर झाल्यावर दक्षिण यात्रेत घेतलेलं बाळकृष्णाचं तंजावर आमच्या हॉलमध्ये आहे. दर पावसाळ्यात काचेच्या आत पांढरट बुरशी दिसते आणि आता एका कोपऱ्यात सोन्याचा पत्रा फुगलाय. फ्रेमवाला म्हणतो उघडून ओल्या फडक्याने पुसून देतो, वरून वॉर्निश मारतो, नव्यासारखं होईल. देऊ का?

—

कागदकिडा | कळवा

@कंजूस_वाशीकर, अजिबात देऊ नका!! हात जोडतो. कागद आणि जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचंच काम करतो म्हणून जीव तुटतो.

तंजावरची रचना समजून घ्या म्हणजे ओलं फडकं का नको ते कळेल. खाली लाकडी फळी (पूर्वी फणसाची, आता बहुतेक प्लाय), तिच्यावर कापड चिकटवलेलं, त्यावर खडूच्या पुडीचे आणि चिंचोक्याच्या खळीचे किंवा डिंकाचे थर, मग दागिने, महिरप, खांब यांचा उठाव, त्यात खडे बसवलेले आणि वरून सोन्याचा वर्ख. म्हणजे वरच्या दोन गोष्टी सोडल्या तर आत सगळा खाऊच आहे बुरशीसाठी. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग तुम्ही एसी लावता तेव्हा ते आकसतं, खडूचा थर काही तेवढा ताणला जात नाही, तो तडकतो नाहीतर कापडापासून सुटतो, आणि वर्ख फुगलेला दिसतो. तिथे पाणी लागलं की तो खडूचा थर विरघळतो, आणि वॉर्निश मारलं की ओल आत कोंडते शिवाय पुढे कुणालाही दुरुस्त करायला बसलं तर आधी ते वॉर्निश काढण्यात जन्म जातो.

आत्ता काय करा: चित्र भिंतीवरून उतरवा, आडवं ठेवा, तोंड वर, फुगलेल्या जागी बोट लावू नका. ज्या भिंतीवर होतं ती बाहेरची भिंत आहे का, मागे बाथरूम आहे का ते बघा, नव्वद टक्के वेळा तसंच निघतं. पुन्हा लावाल तेव्हा आतल्या भिंतीवर आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून, म्हणजे मागून हवा खेळेल. काच चित्राला टेकलेली नको. चित्रावर फोकस लाइट नको. एसी दिवसातून चार वेळा चालू-बंद करण्यापेक्षा खोली साधी हवेशीर ठेवलेली बरी. बाकी फुगलेल्या भागासाठी मुंबईत काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारून बघा. खर्च होईल पण फ्रेमवाल्याने वाट लावल्यावर जो होईल त्यापेक्षा कमीच.

—

आगाऊ_काका | नौपाडा

तंजावर म्हणजे आपलीच हो. व्यंकोजीराजे, सरफोजीराजे, मराठ्यांनीच तर उभी केली ती शैली. उगाच दख्खनी दख्खनी करून गळा काढण्यात अर्थ नाही, आपली शैली तंजावर!

—

चिंचोका | नेरूळ

काका, माझं सासर तंजावर मराठी, घरात आजही सासूबाई जी मराठी बोलतात ती ऐकून तुम्ही चक्रावाल, त्यामुळे अभिमान मलाही आहे. पण "आपणच उभी केली" हे जरा जास्त होतंय. व्यंकोजी तिथे पोचले १६७०च्या दशकात, त्याआधी नायक राजे होते आणि त्यांच्याआधी विजयनगर, आणि चित्रकार बरेचसे तेलुगू मुलखातून उतरलेले, राजू लोक. मराठ्यांनी आश्रय दिला आणि सरफोजी दुसरे यांच्या काळात (१७९८ ते १८३२) ती शैली भरभरून बहरली हे खरं, आणि तेही कमी नाही. गंमत अशी की तोवर राज्याची खरी सत्ता इंग्रजांकडे गेलेली, राजाच्या हातात किल्ला आणि आसपास, मग त्याने सगळा जीव सरस्वती महाल ग्रंथालय, संगीत, चित्रं यात ओतला. आणि तेच चित्रकार साहेब लोकांसाठी जातीजमातींची, धंद्यांची चित्रं पण काढून द्यायचे. पोट सगळ्यांनाच असतं.

म्हैसूरबद्दल पण लिहिते, लोक दोन्हीत गल्लत करतात. म्हैसूरच्या चित्रात उठाव अगदी पातळ, बोट फिरवलं तर जेमतेम लागेल, खडे नाहीत, रेघ नाजूक आणि रंग शांत. तंजावरमध्ये देव आधी अंगावर येतो, म्हैसूरमध्ये आपण जवळ जाऊन बघतो. ही शैली बहरली ती तिथले राजे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या वेळी, 'श्रीतत्त्वनिधी' हा सचित्र ग्रंथ त्यांनीच करवून घेतलेला. मला विचाराल तर म्हैसूर जास्त आवडतं पण सासरी बोलत नाही.

—

आगाऊ_काका | नौपाडा

बरं बाई, हरलो. पण सरफोजीराजांचं श्रेय कमी करू नका एवढंच.

—

रंगीत_तालीम | ठाणे

धागाकर्तीने ज्या जाहिरातींना नाक मुरडलंय त्यातली एक माझी असायची शक्यता आहे. मी तंजावरचे वर्ग घेते. तर सांगते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका नोकरी, लोकल, पोरांच्या परीक्षा सांभाळून येतात, त्यांना मी फणसाची फळी आणि चिंचोके कुटून खळ करा म्हटलं तर दुसऱ्या रविवारी कोणी येणार नाही. त्यामुळे तयार बोर्ड, खडूपूड आणि फेव्हिकॉल, त्याचं मक वर्क (म्हणजे उठावाचं काम), खडे. एका गोष्टीत मात्र मी तडजोड करत नाही, वर्ख बावीस कॅरेटचाच. बाजारात जो सोनेरी फॉइल मिळतो तो काही वर्षांत काळा-हिरवा पडतो आणि मग बायका मला फोन करतात. आता तुम्ही म्हणाल हे जपणं नाही. नसेल. पण यातल्या एकीने पुढे खरंच तंजावरला जाऊन तिथल्या घरात राहून शिकून घेतलं, ती माझ्या किटशिवाय तिथवर गेली असती का?

—

हिंगूळ | ठाणे पश्चिम

@रंगीत_तालीम, ताई, नाक मुरडलं नाही हो, म्हणजे किटला नाही. माझा आक्षेप 'दोन दिवसांत' या शब्दांना आहे. तुम्ही वर्खाचं जे सांगितलंत ते वर्गात सांगता ना, की असल आणि नक्कल यात फरक काय, फळी कशाची होती, आता प्लाय का? मग झालं की. लपवून विकतात त्यांचा राग येतो.

लघुचित्रांच्या वर्गात पण हाच प्रकार. आयव्हरी शीटवर पोस्टर कलरने काढतात आणि खाली लिहितात राजस्थानी मिनिएचर. अरे त्यात वसली कुठंय? वसली म्हणजे हातकागदाचे ताव एकावर एक लईने चिकटवायचे, लईत मोरचूद घालायचं म्हणजे किडा लागत नाही, मग अकीकाच्या दगडाने घोटून घोटून कागद असा गुळगुळीत करायचा की कुंचला अडकत नाही. अधूनमधून चित्र उलटं करून मागूनही घोटायचं, त्यानेच तर रंगाला ती मिन्यासारखी झळाळी येते. आणि रंग म्हणजे लाल हिंगूळ, पिवळा हरताळ, गेरू, नीळ, निळ्या दगडाचा लाजवर्द, काजळी. जंगाल हा हिरवा मात्र दुष्ट, तांब्याचा असल्याने काही वर्षांनी कागद खातो, जुन्या चित्रांत नेमका हिरव्या जागी कागद तपकिरी होऊन तुटलेला दिसतो. बसोहलीच्या पहाडी चित्रांत पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे तुकडे चिकटवलेत, ते अजून चमकतात!

—

सुटा_रुपया | ऐरोली

केसांच्या कुंचल्यांचं काय? बेलापूरच्या अर्बन हाटला एक जण मुंगसाच्या केसांचा ब्रश आहे म्हणून हळूच दाखवत होता.

—

कागदकिडा | कळवा

घेऊ नका. मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांच्या ब्रशवर धाडी पडतात. चांगल्या सिंथेटिकने काम होतं, परंपरेच्या नावाखाली मुंगसं मारायची गरज नाही.

—

चरईचा_नातू | ठाणे

मी वाचनमात्र असतो पण आज लिहितोच. आजोबांच्या ट्रंकेत भागवताची एक सचित्र पोथी निघाली, सुटी लांबट पानं, लाल फडक्यात बांधलेली, काही पानांना कसर लागलीय. घरात सध्या यावरून रामायण चालू आहे. चुलतभाऊ अमेरिकेत असतो, तो म्हणतो मी घेऊन जातो, तिकडे नीट राहील. आणि एका डीलरला फोटो पाठवले तर तो म्हणाला अख्खी पोथी कोणी घेत नाही, पान पान सुटं करा, फ्रेम करून विकू, जास्त येतील. काय करावं?

—

निवृत्त_बाबू | पाचपाखाडी

अमेरिकेचं आधी डोक्यातून काढा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांपेक्षा जुनी चित्रं आणि पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी हस्तलिखितं त्यात येतात, ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाहीत, बॅगेत निघालं तर भावाची नोकरी जाईल. घरात ठेवायला बंदी नाही, पण चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी करावी लागते. आणि असल्या वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो, त्या डीलरला आधी तो विचारा, बघा आवाज कसा बदलतो.

—

हिंगूळ | ठाणे पश्चिम

@चरईचा_नातू, दादा, पानं सुटी करू नका, प्लीज. हा प्रकार शेकडो पोथ्यांच्या नशिबी आलाय. मेवाडचं रामायण बघा, राणा जगतसिंहांच्या काळात १६४९ ते १६५३ मध्ये झालेलं, साहिबदीन, मनोहर असे चित्रकार. त्याचे बरेचसे खंड मेवाडातला इंग्रज अधिकारी कर्नल टॉड याच्याबरोबर विलायतेला गेले, आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि मनोहरच्या बालकांडाची बरीचशी पानं आपल्या मुंबईच्या म्युझियममध्ये. म्हणजे दशरथाचा यज्ञ काळा घोड्याला आणि लंकेतलं युद्ध लंडनला! २०१४ साली या दोन्ही संस्थांनी मिळून सगळं स्कॅन करून इंटरनेटवर पुन्हा एकत्र केलं तेव्हा कुठे ओळीने बघता आलं. तेसुद्धा शक्य झालं कारण पानं कुठली ते कळत होतं. मागचा मजकूर झाकून फ्रेममध्ये गेलेलं पान कुणाचं ते नंतर ब्रह्मदेवालाही कळत नाही.

तुमच्या पोथीच्या समासात आकडे असतील, बारीक, कधी पानाच्या मागच्या बाजूला. त्याच क्रमाने मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव, शक, गाव असतं बऱ्याचदा, ते आधी बघा.

—

कागदकिडा | कळवा

+१. आणि त्या लाल फडक्याला नावं ठेवू नका, सुती फडकं घट्ट बांधलेलं चांगलंच असतं, धूळ नि दमट हवा दोन्ही अडते. फक्त धुऊन वाळवून घ्या, खळ राहता कामा नये. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, डांबरगोळ्या पानांत ठेवू नका, फाटलेल्या जागी सेलोटेप तर स्वप्नातही नको, त्याचा चिकट पिवळा डाग निघत नाही. आणि लॅमिनेशन! एकाने आजीची हस्तलिखित पत्रिका लॅमिनेट करून आणली होती माझ्याकडे, "आता टिकेल ना?" म्हणून. काय बोलणार. कसर लागलेली पानं बाकीच्यांपासून वेगळ्या लिफाफ्यात ठेवा, लिफाफ्यावर क्रमांक टाका. आणि घरात ठेवायची नसेल तर पुण्याला भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कुटुंबाच्या नावाने देता येते का विचारा.

—

हरिद्वारी | सीवूड्स

चित्रकाराचं नाव महत्त्वाचं म्हणालात म्हणून नैनसुख या पहाडी चित्रकाराची गोष्ट सांगतो. पहाडी, म्हणजे हिमाचल-जम्मूकडच्या छोट्या राज्यांतली चित्रं आधी राज्यावरून ओळखायचे, ही कांगड्याची, ही गुलेरची, ही बसोहलीची. कलेचे इतिहासकार प्रा. बी. एन. गोस्वामींनी काय केलं तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या चाळल्या. आपल्या त्र्यंबकेश्वरला गुरुजींकडे खानदानाच्या वह्या असतात ना, तशाच. चित्रकार मंडळी अस्थी घेऊन, यात्रेला म्हणून तिथे जायची आणि वहीत बापाचं, आजाचं, गावाचं नाव लिहायची. त्यातून अख्खं घराणं उभं राहिलं, पंडित सेऊ, त्यांची मुलं माणकू आणि नैनसुख, पुढे त्यांची मुलं. आणि मग १९६८ मध्ये त्यांनी मांडलं की शैली राजाची नसते, कुटुंबाची असते, चित्रकार दुसऱ्या राज्यात गेला की शैली पण त्याच्याबरोबर जाते, गाण्याच्या घराण्यासारखी. १७६३ मध्ये नैनसुख आपला मालक राजा बलवंतसिंह याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेला, तिथल्या वहीत त्याच्या हातची नोंद आहे आणि सोबत छोटं चित्र पण काढलंय! सरकारी कागदात चित्रकाराला कोण विचारतं, पंड्याच्या वहीत सापडला.

—

आगाऊ_काका | नौपाडा

हे भारी आहे. आपल्या मराठेशाहीतल्या चित्रकारांची नावं मिळतात का अशी कुठे?

—

तलावपाळी | ठाणे

एक नाव तर पक्कं आहे, गंगाराम तांबट. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट (म्हणजे दरबारातला वकील) होता चार्ल्स मॅलेट, त्याने पेशव्यांना सांगून शनिवारवाड्यात चित्रशाळा काढली, गंगाराम तिथला. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली, त्याची बरीच चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच शाळेत शिकवायला जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार होता, नाना फडणवीस आणि सवाई माधवरावांचं एकत्र चित्र काढलं तोच. अवांतर: हा वेल्स १७९५ मध्ये आपल्या ठाण्यातच वारला असं मानतात.

बाकी वाईजवळ मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतीवरची चित्रं आहेत, महाबळेश्वरला जाताना लोक घाटावर सेल्फी काढून परत फिरतात. एका वाड्यात (नाव लिहीत नाही) गणपतीच्या चित्राच्या पोटावर खिळ्याने बदाम कोरलेला पाहिला. तिथला म्हातारा राखणदार म्हणाला, साहेब, मी एकटा किती जणांच्या मागे पळू.

—

कुडाळकर | कळवा

पिंगुळीच्या चित्रकथीचं कोणी काढलंच नाही. दरबारी नसेल, पण पोथीच आहे ती, एका आख्यानाची चित्रं एका जुडग्यात, एकेक चित्र समोर धरून ठाकर मंडळी गाऊन गोष्ट सांगतात. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचं म्युझियम केलं आणि २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात जाताना कुडाळला उतरा, पिंगुळी लागूनच आहे.

—

रंगीत_तालीम | ठाणे

@हिंगूळ, तुमची वसली डोक्यात बसली बरं का. वर्गात एक प्रयोग करून बघावा म्हणते, फेव्हिकॉल न वापरता. रंगात घालायला डिंक कुठला वापरायचे?

—

हिंगूळ | ठाणे पश्चिम

राजस्थानात धावड्याचा किंवा बाभळीचा. ओडिशाच्या पटचित्रांत कवठाचा.

—

रंगीत_तालीम | ठाणे

धावड्याचा म्हणजे आपण बाळंतिणीच्या लाडवात घालतो तोच?

—

हिंगूळ | ठाणे पश्चिम

तोच. जांभळी नाक्याला काष्ठौषधींच्या दुकानात मिळेल, पण पूड घेऊ नका, त्यात भेसळ असते, खडेच घ्या आणि त्यातले पांढुरके निवडा, तांबडे घेतलेत तर पांढऱ्या रंगाला मळकट झाक येते. कापडात पुरचुंडी बांधून रात्रभर पाण्यात टांगून ठेवा, सकाळी कचरा कापडात राहतो. रंगात घालताना थोडाथोडा, कमी झाला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर वाळल्यावर पापुद्रे निघतात. आधी एका चिठोऱ्यावर लावून बघा आणि मला फोटो टाका.